ध्वनीचा अंतरपाट

ध्वनिक्षेपकाच्या तोंडावर जें कापड ताणून बसविलेलें असतें, त्याला मराठींत अद्यापि रूढ असें नांव नाहीं. कारागीर त्याला नुसतें 'स्पीकरचें कापड' म्हणतो, दुकानदार 'कव्हर' म्हणतो, आणि गाणें ऐकणारा तर त्याच्याकडे पाहतही नाहीं. ज्या वस्तूला नांव नाहीं तिचा इतिहास कोणी लिहीत नाहीं, हें ओघानेंच आलें. तथापि या वीतभर कापडाचा मागोवा घेऊं लागल्यास विणकाम, ध्वनिशास्त्र, घरसंसार आणि मोटार या चार परस्परांपासून दूर दिसणाऱ्या गोष्टी एका धाग्यांत ओवलेल्या आढळतात. प्रस्तुत लेखापुरतें त्याला आपण 'ध्वनिवस्त्र' म्हणूं.

हा विषय लासलगांवीं सुचावा यांत नवल नाहीं. येथील कृषि उत्पन्न बाजार समिति १ एप्रिल १९४७ रोजीं स्थापन झाली, आणि कांद्याच्या व्यापारांत या गांवाचें नांव आज देशाबाहेरही घेतलें जातें. हंगामांत ट्रॅक्टर, टेंपो आणि लहानमोठ्या मालमोटारी यांच्या रांगा बाजाराच्या आवाराबाहेर लागतात. लिलावाची पाळी येईपर्यंत गाडींतच बसून राहावें लागतें, आणि त्या बसण्याला सोबत असते ती गाडींतील गाण्याची. यांतील कांहीं गाड्यांत डोकावून पाहिल्यास असें दिसतें कीं, कारखान्यांतून आलेली काळी प्लास्टिकची जाळी तशीच ठेवण्यास मालक राजी नाहीं. त्यानें तिच्यावर आपल्या पसंतीचें कापड चढविलें आहे. कोठें तांबडी मखमल, कोठें सतरंजीसारखें पट्ट्यापट्ट्यांचें जाड कापड, तर कोठें घरांतल्या जुन्या साडीचा जरीचा कांठ. सुशिक्षित मनुष्य हें पाहून 'हौस!' एवढाच उद्गार काढतो आणि पुढें जातो. आमच्या मतें या हौसेंत विचार करण्याजोगें बरेंच कांहीं आहे. आणि तिच्या पोटीं एक अडचण आहे, ती तर सगळ्या वस्त्रविद्येला विचार करावयास लावणारी आहे.

ती अडचण अशी. आपल्या समाजांत कापडाचा मान तें काय अडवितें यावर ठरत आला आहे. थंडी अडवील ती घोंगडी चांगली, ऊन अडवील तें पागोटें चांगलें, लाज राखील तें लुगडें चांगलें. 'दाट विणीचें', 'भरदार', 'अंगाचें घट्ट' हे सारे स्तुतीचे शब्द. आणि 'विरविरीत', 'झिरझिरीत' हे शब्द उच्चारतांना ग्राहकाचें नाक मुरडतें. ध्वनिवस्त्राचा न्याय याच्या नेमका उलट आहे. त्यानें दृष्टि अडवावी, धूळ अडवावी, परंतु ध्वनि मात्र जसाच्या तसा जाऊं द्यावा. एक वस्तु अडविणें आणि दुसरी सोडणें हें ज्याला साधतें तेंच कापड येथें कामाचें. म्हणून घरांतलें सर्वांत मानाचें वस्त्र या कामीं बहुधा सर्वांत निकामी ठरतें, आणि ज्याला कोणी हात लावीत नाहीं असें विरळ कापड श्रेष्ठ ठरतें.

असें वस्त्र आपल्या परंपरेला अगदींच अपरिचित होतें असें मात्र नव्हे. लग्नांत वधूवरांमध्यें जो अंतरपाट धरतात त्याचें काम काय असतें? वधूवरांनीं एकमेकांस पाहूं नये, पण मंगलाष्टकें दोघांनींही ऐकावीं. त्या कापडानें दृष्टि अडविलेली असते आणि शब्द मोकळा सोडलेला असतो. पुराणकीर्तनाच्या प्रसंगीं चिकाच्या पडद्याआड बसणाऱ्या जुन्या काळच्या थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रियाही अशाच वस्त्राच्या मागून श्रवण करीत. रंगभूमीवर पडदा उघडण्यापूर्वीं त्याच्यामागून नांदीचे सूर ऐकूं येत, तेंही याच जातीचें. म्हणजे पडद्याआडचा आवाज ऐकण्याची संवय आपल्या कानाला यंत्रयुगाच्या फार पूर्वीपासून आहे. यंत्रयुगानें एवढेंच केलें कीं, पडद्याआडचा माणूस काढून घेतला आणि नुसता आवाज ठेवला.

आवाज यंत्रांतून निघूं लागला तेव्हां प्रथम त्याचें तोंड उघडेंच होतें. ग्रामोफोनचा कर्णा दिवाणखान्यांत धोत्र्याच्या फुलासारखा उमललेला असे, आणि तो तसा दिसण्यांतच घरमालकाची प्रतिष्ठा होती. अमेरिकेंतील व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीनें १९०६ सालीं 'व्हिक्ट्रोला' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत कर्णा लाकडी कपाटाच्या पोटांत दडविलेला होता. यंत्र हें यंत्रासारखें न दिसतां घरांतील सामानासारखें दिसावें, ही कल्पना येथें जन्मास आली. पुढें अशा कपाटी यंत्रांपैकीं अनेकांच्या तोंडाशीं नक्षीची लाकडी जाळी आणि तिच्यामागें कापड दिसूं लागलें. तथापि येथवर कापड शोभेपुरतें होतें. कर्ण्याला त्याची गरज नव्हती.

गरज निर्माण केली ती कागदी शंकूनें. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनीं १९१५ सालीं कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं विद्युत्प्रवाहावर चालणारा मोठ्या आवाजाचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. पण त्यालाही कर्णाच जोडलेला होता. १९२५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं जो ध्वनिक्षेपक जगापुढें मांडला, त्यांत कर्ण्याचें काम शंकूच्या आकाराच्या हलक्या पडद्याकडे आलें. त्या पडद्याच्या टोकाशीं तारेचें बारीक वेटोळें असतें, तें चुंबकाच्या अरुंद फटींत पुढेंमागें हलतें, आणि त्याच्याबरोबर शंकु हलून हवेला धक्के देतो. आज मोटारीच्या दारांत बसविलेला ध्वनिक्षेपक तत्त्वतः याच घराण्यांतला आहे. या रचनेचे गुण मोठे. पण दोन उणिवाही तितक्याच उघड. शंकु नाजूक असतो. बोटाचा किंवा काडीचा धक्का त्याला सोसत नाहीं. आणि चुंबकाच्या फटींत धुळीचे किंवा लोखंडाचे कण शिरले तर वेटोळें घासूं लागून आवाज खरखरीत होतो. शिवाय शंकूचें उघडें तोंड दिसावयास कांहीं देखणें नव्हे. तेव्हां संरक्षण आणि सौंदर्य या दोन्ही कारणांसाठीं ध्वनिवस्त्र अपरिहार्य झालें.

याच सुमारास आपल्याकडे रेडिओ आला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें २३ जुलै १९२७ रोजीं झालें. कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारनें तें काम हातीं घेतलें, आणि ८ जून १९३६ रोजीं त्या संस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. पुण्याचें केंद्र १९५३ सालीं सुरू झालें आणि 'विविध भारती' १९५७ सालीं. या तीस वर्षांत मध्यम स्थितींतील मराठी घरांच्या भिंतीवरील फळीवर रेडिओनें देवघराच्या खालोखाल स्थान मिळविलें. त्या रेडिओच्या दर्शनी भागावर सोनेरी किंवा तपकिरी झांक असलेलें जाडसर विणीचें कापड असे, आणि बातम्या ऐकतांना सारें घर त्या कापडाकडे तोंड करून बसे. बोलणारा कधीं दिसला नाहीं. दिसलें तें कापडच.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या रेडिओवर वास्तविक दोन वस्त्रें असत. एक कारखान्यानें बसविलेलें, तें पुढच्या बाजूस कायमचें ताणलेलें. आणि दुसरें घरच्या सुनेनें अथवा लेकीनें विणलेलें किंवा भरतकाम केलेलें, वरून टाकलेलें आच्छादन. पहिलें वस्त्र ध्वनीसाठीं होतें, दुसरें धुळीसाठीं आणि मायेसाठीं. पहिल्यावर घरच्या माणसांचा कांहीं अधिकार नव्हता. दुसऱ्यावर मोर, गुलाब, क्वचित् घरधन्याच्या नांवाचें आद्याक्षरही असे. रेडिओ लावतांना दुसरें वस्त्र अदबीनें वर उचलून ठेवावयाचें आणि बंद झाल्यावर पुन्हां खालीं सोडावयाचें, असा नेम होता. विकत घेतलेलें यंत्र आपलें कसें करावें, या प्रश्नाला त्या काळच्या स्त्रियांनीं दिलेलें हें उत्तर होतें. उत्तर साधें होतें. पण त्यांत एक शहाणपण होतें. आपलें कापड त्यांनीं ध्वनीच्या वाटेंत येऊं दिलें नाहीं.

मोटारींत रेडिओ जाण्याची कथा याला समांतर आहे. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें १९३० सालीं मोटारींत बसविण्याचा रेडिओ विक्रीस आणला व त्याचें नांव ठेवलें 'मोटोरोला'. त्या नांवाच्या पूर्वार्धांत मोटार आहे आणि उत्तरार्धांत 'व्हिक्ट्रोला'सारख्या नांवांची शेपटी आहे. म्हणजे घरांतल्या कपाटाचा वारसा नांवावरूनच रस्त्यावर आला. युरोपांत जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीनें १९३२ सालीं तसाच प्रयत्न केला. त्या यंत्रांत कांचेच्या नळ्या असत, तीं जड असत आणि गाडीच्या विद्युत्घटावर मोठा भार टाकीत. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५५ सालीं फिल्को कंपनीचा सर्वस्वीं ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ क्रायस्लर गाड्यांत आला. १९६३ सालीं फिलिप्सनें आटोपशीर कॅसेट दाखविली. यानंतर गाडींत काय ऐकावें हें ठरविण्याचा अधिकार केंद्राकडून गाडीवाल्याकडे आला. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत भजनें, लोकगीतें, लावण्या आणि भीमगीतें यांच्या कॅसेटी खेडोपाडीं पोंचल्या, तेव्हां ट्रकच्या आणि जीपच्या दारांत भोकें पाडून ध्वनिक्षेपक बसविण्याची लाट आली.

मात्र या प्रवासांत कापड मागें पडलें. मोटारीचा ध्वनिक्षेपक दाराच्या खालच्या अंगास बसतो. तेथें चढतांउतरतांना पायाची लाथ लागते, पावसाचें पाणी येतें, चिखल उडतो. उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींत उष्णता इतकी वाढते कीं, सामान्य रंग उडून जातो आणि सुती धागा कालांतरानें कुजका होतो. म्हणून कारखानदारांनीं कापड टाकून छिद्रें पाडलेला पत्रा आणि पुढें प्लास्टिकची जाळी पत्करली. तो निर्णय व्यवहाराला धरून होता, यांत शंका नाहीं. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, हजारों गाड्यांचें तोंड एकसारखें झालें. घरच्या रेडिओवर निदान वरचा रुमाल तरी आपला होता. गाडींत तोही राहिला नाहीं. लासलगांवच्या रस्त्यावरील गाडीवाला जेव्हां जाळीवर कापड चढवितो तेव्हां तो फळीवरच्या रेडिओवरील त्या दोन वस्त्रांचें एक वस्त्र करूं पाहत असतो: कारखान्याच्या जागीं स्वतःचें कापड, आणि तेंही ध्वनीच्या वाटेंतच. त्याची अडचण येथूनच सुरू होते.

आतां आपल्या भागाकडे पाहूं. कापडाच्या बाबतींत नाशिक जिल्ह्याएवढा विरोधाभास क्वचितच आढळेल. लासलगांवाहून विंचूरमार्गें येवल्यास जातां येतें. विंचूर हें पानिपतच्या युद्धांत लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचें ठिकाण. येवलेंही माधवराव पेशव्यांनीं याच घराण्यास जहागीर दिलें. सतराव्या शतकापासून विणकरांची वस्ती वाढत जाऊन येवलें हें रेशमी वस्त्रांचें माहेरघर झालें, आणि पैठणी हें मूळ गोदातीरच्या पैठणचें वस्त्र आज मुख्यतः येवल्याच्या मागांवर विणलें जातें. सन २०१० मध्यें पैठणीस भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. त्याच जिल्ह्यांत उत्तरेस मालेगांव आहे. तेथें यंत्रमागांवर साधें, कोरें, धुलाई न झालेलें कापड निघतें. एकाच जिल्ह्यांत एका टोकाला महिनोन्महिने मागावर राहणारें जरीचें वस्त्र आणि दुसऱ्या टोकाला भराभर निघणारा मांजरपाट! शिवाय महिंद्र कंपनीची २००२ सालीं बाजारांत आलेली आणि आज खेडोपाडीं दिसणारी 'स्कॉर्पिओ' गाडीही नाशिकच्याच कारखान्यांतली. गाडी, कापड आणि कांदा या तिन्ही वस्तु ज्या रस्त्यांवर एकमेकींस भेटतात, त्या रस्त्यांवर हा प्रश्न उद्भवावा हें स्वाभाविक आहे.

हौशी मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो पैठणीचा, किंवा निदान पैठणीसारख्या दिसणाऱ्या जरीच्या कापडाचा. घरांत आजीची जीर्ण पैठणी असते. ती नेसण्याजोगी राहिलेली नसते. मग तिचा पदर कापून गाडींत लावला तर तिचाही मान आणि गाडीचाही मान, असा हिशेब. येथें विणकाम समजून घ्यावयास हवें. पैठणीचा पदर हा साध्या आडव्याउभ्या धाग्यांचा नसतो. मोर, आसवली किंवा मुनिया यांची आकृति उठविण्यासाठीं प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हातानें त्या त्या जागेपुरतीच फिरवून परत आणावी लागते, आणि आडवा धागा इतका दाबून बसवितात कीं उभा धागा त्याखालीं जवळजवळ झांकून जातो. त्यांत जर म्हणजे धातूचें अंग असलेला धागा. असें वस्त्र दिसण्यांत अपूर्व, टिकण्यांत भक्कम. पण त्यांतून हवा वाहत नाहीं. आणि जेथून हवा वाहत नाहीं तेथून ध्वनि सुखानें जात नाहीं.

याचें शास्त्र अवघड नाहीं. ध्वनि म्हणजे हवेचें मागेंपुढें होणारें कंपन. विरळ कापडाच्या छिद्रांतून तें कंपन सरळ पलीकडे जातें. कापड स्वतः स्थिर राहिलें तरी चालतें. दाट कापडांत छिद्रेंच नसल्यामुळें ध्वनीला तें सबंध कापड हलवूनच पलीकडे जावें लागतें. ढोलाचे किंवा मृदंगाच्या धुमेचे ठोके सेकंदास सुमारें शंभर कंपनांचे. अशा संथ कंपनांबरोबर कापड हलूं शकतें. पण टाळांचा झणत्कार सेकंदास कित्येक हजार कंपनांचा असतो. वजनदार कापडाला इतक्या वेगानें डुलतां येत नाहीं. म्हणून तीं कंपनें तेथेंच अडतात आणि परत फिरतात. परिणाम असा कीं, जरीच्या कापडामागून भजन लावल्यास मृदंग ऐकूं येतो आणि टाळ हरवतो. बोलण्यांत स्वर राहतात आणि 'स', 'श', 'च' यांसारखीं व्यंजनें बोथट होतात. म्हणजे शब्दाचा आवाज कळतो आणि अर्थ निसटतो. ऐकणारा मग आवाज वाढवितो. पण आवाज वाढविल्यानें मृदंगच वाढतो, टाळ कांहीं परत येत नाहीं. रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांतून जो नुसता धडधडाट ऐकूं येतो त्याचीं कारणें अनेक आहेत. चुकीचें ध्वनिवस्त्र हें त्यांतील एक असूं शकतें.

कापडाची पारख करावयास यंत्र लागत नाहीं. एकेरी कापड ओठांशीं धरून फुंकर घालावी व पलीकडे हात धरावा. श्वास विनासायास हातास लागला तर तें कापड चालेल, गाल फुगवावे लागले तर चालणार नाहीं. दुसरी परीक्षा उजेडाची: कापड दिव्यासमोर धरल्यास बारीक छिद्रें एकसारखीं चमकलीं पाहिजेत. कोरें कापड असल्यास आधीं कढत पाण्यांत धुवून घ्यावें. मागावर तुटूं नये म्हणून उभ्या धाग्यास जी खळ लावलेली असते ती छिद्रें बुजवून बसते, आणि एकदां ती निघून गेली म्हणजे मांजरपाटासारखें अगदीं साधें, पण विरळ विणीचें कापडही चांगलें ध्वनिवस्त्र होतें. सुती धागा हवेंतील ओल शोषतो आणि पावसाळ्यांत त्याचा ताण बदलतो. म्हणून गाडीसाठीं पॉलिएस्टरचा किंवा मिश्र धाग्याचा कपडा अधिक टिकतो. विणलेल्या कापडापेक्षां मोज्यासारखें गुंफलेलें कापड वळणावर सुरकुती न पडतां बसतें, हीही गोष्ट सीट-कव्हरें शिवणारे कारागीर जाणतात.

बसविण्याच्या कृतींतही दृष्टि हवी. जाळी हलक्या हातानें सोडवून धुवून कोरडी करावी. शंकूचा पांढुरकेपणा वरच्या कापडांतून दिसत असेल तर आंत काळें अतिविरळ कापड घालावें. वरचें कापड चारही बाजूंस दोन बोटें अधिक ठेवून कापावें, उभा धागा चौकटीशीं सरळ धरावा, आणि प्रथम चार बाजूंचे मध्यबिंदु ओढून चिकटवावे, मग कोपरे. कोपऱ्यांपासून आरंभ केल्यास मध्यें ढिलाई राहते, आणि सैल कापड खालच्या सुरांबरोबर चौकटीवर थडथडूं लागतें. चिकटवण लावावयाची ती चौकटीच्या मागच्या कडेला. दर्शनी भागावर तिचा थेंबही पडतां कामा नये, कारण चिकटवणानें बुजलेलें छिद्र पुन्हां उघडत नाहीं. कापडाखालीं मऊपणासाठीं जाड स्पंजाचा थर घालण्याची जी रीत कोठें कोठें दिसते ती सर्वस्वीं त्याज्य होय.

मग पैठणीची हौस सोडूनच द्यावयाची काय? आमचें उत्तर असें कीं, पैठणीचें कापड सोडावें, पण पैठणीची रचना घ्यावी. आपल्या साडीचे तीन भाग आहेत: अंग, कांठ आणि पदर. अंग सर्वांत मोठें, तरी तें बहुशः साधें किंवा लहान बुट्ट्यांचें. सारी गर्दी आणि सारी जर कांठावर व पदरावर. विणकरानें हें शोभेसाठीं केलें तसेंच उपयोगासाठींही केलें. सर्वांगीं जर असलेली साडी नेसवणार नाहीं. हाच विवेक ध्वनिवस्त्रास लावावा. शंकूसमोर येणारा मधला भाग म्हणजे अंग. तें विरळ, एकरंगी, मोकळें असूं द्यावें. भोंवतालची चौकट म्हणजे कांठ. तिच्यामागून ध्वनि येतच नाहीं, म्हणून तेथें नारळी कांठाची पट्टी, मोराचा तुकडा, जें मनास येईल तें मिरवावें. अशा रीतीनें टाळही ऐकूं येईल आणि मोरही दिसेल. आजीचा पदर अखंड असेल तर त्याला मात्र कात्री लावूं नये. तो संग्रहांत ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. कांठाची पट्टी बाजारांत सुटी मिळते.

कांहीं वाचक विचारतील कीं, गाडी ही प्रवासाची वस्तु. तिच्या अंतर्भागाची इतकी चिकित्सा कशाला? यावर मुंबईचें एक उदाहरण देण्यासारखें आहे. २०१५ सालीं तेथें 'टॅक्सी फॅब्रिक' नांवाचा उपक्रम सुरू झाला. तरुण कलावंतांनीं शहरावर रचलेलीं चित्रें कापडावर छापून काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या बैठकींवर आणि छतांवर चढविलीं, आणि एरवीं खिडकीबाहेर पाहणारे उतारू गाडीच्या आंत पाहूं लागले. ज्या प्रीमियर पद्मिनी गाड्यांवर मुंबईची टॅक्सी अनेक दशकें चालली, त्या ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यांवरून निघून गेल्या. गाड्या गेल्या तेव्हां लोकांना त्यांच्या यंत्रापेक्षां त्यांच्या अंतर्भागाची आठवण अधिक झाली, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालेल्या लिखाणावरून दिसतें. यंत्र कारखान्याचें असतें. आठवण राहते ती माणसानें त्यावर जें चढविलें त्याची.

नव्या गाड्यांत ही सोयही आटत चालली आहे. ध्वनिक्षेपकाची जाळी आतां पुष्कळदां दाराच्या पट्टीबरोबर एकसंध ओतलेली असते. ती सुटत नाहीं, आणि सुटत नाहीं तिच्यावर कापड चढत नाहीं. वस्तु विकत घेणारा केवळ वापरणारा राहावा, तिच्यावर त्याच्या हाताची खूण उमटूं नये, याकडे कारखान्यांचा ओघ आहे. त्या ओघापुढें लासलगांवच्या गाडीवाल्याची हौस लहान दिसेल. पण ती फळीवरच्या रेडिओवर रुमाल विणणाऱ्या हातांची वंशज आहे, हें विसरतां कामा नये. तिला हसण्यापेक्षां तिला थोडें ज्ञान पुरविणें हें सुशिक्षितांचें काम होय. ज्या जिल्ह्यांत महाराष्ट्रांतील सर्वांत दाट आणि मानाचें वस्त्र विणलें जातें, त्याच जिल्ह्यांत विरळ कापडाचीही थोरवी कळावी, एवढीच अपेक्षा. अडवून ठेवणाऱ्या वस्त्राची पारख आपल्याला पिढ्यान् पिढ्या आहे. वाट देणाऱ्या वस्त्राची पारख आतां शिकावयाची आहे, आणि तिला एका फुंकरीपलीकडे खर्च नाहीं.